सरकारांची वेबसाइट आणि चहाचा चमचा

माझं कुणी ऐकलं नाही! अख्ख्या महालात एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आणि खरं सांगू? त्यांच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता. मी मुदपाकखान्यातली स्वयंपाकीण, चौथी पास. अक्कल चौथीत थांबली, जीभ तेवढी पुढं शिकत गेली.

भांडण झालं वेबसाइटवरून. आमच्या सरकारांनी महालातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायचं ठरवलं होतं. दिवाळीच्या सगळ्या खोल्या एकाच सकाळी वेबसाइटवर खुल्या करायच्या, ज्यानं आधी मागितली त्याची खोली. आता ही वेबसाइट ठेवायलाही जागा भाड्यानं घ्यावी लागते म्हणे, तिला होस्टिंग म्हणतात. ते विकायला शहरातून टाय लावून धोंगडे नावाचे साहेब आले होते.

मी चहा घेऊन गेले. 'भाड्याची जागा' एवढं कानावर पडलं आणि राहवलं नाही. "पाणी चोवीस तास असतं का तिथं? शेजार कसा आहे?"

दिवाणजी हसून हसून खुर्चीतून घसरले. इथंच गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसायचं चौथीपर्यंत कुणी शिकवलं नाही.

धोंगडे म्हणाले, "सर, तुम्हाला शोभेल असा एकच प्लॅन. चक्रवर्ती! जागा अमर्याद! करार पाच वर्षांचा."

आमच्या सरकारांना लहान काही चालतच नाही. चपलासुद्धा एक नंबर मोठ्या घेतात. "चक्रवर्तीच द्या!"

"पण एका वेळी माणसं किती मावतील?" मी विचारलं.

"मावशी, जागा अमर्याद आहे!"

"जागा कळली हो. माणसं?"

"अहो, अमर्याद जागा, मावशी!"

दोनदा माणसं विचारली, दोनदा जागा सांगितली! मी ट्रे आपटला. "सरकार, सही करू नका. ह्यांच्या अमर्यादाला कुठंतरी कुंपण आहे!"

सरकारांच्या मिशा थरथरल्या. "द्रुपदा, ज्याला अंत नाही त्याचा अंत तू दाखवणार?"

"दाखवीन की!"

"मग उद्या दुपारी दाखव. आम्ही जेवून उठायच्या आत! कागदाला हात लावायचा नाही, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. कुंपण दिसलं नाही, तर तुझं बोचकं बांध आणि चालू लाग!"

बावीस वर्षं त्या चुलीपुढं गेली, चुलीमागची खोली हेच माझं घर. तोऱ्यात मान उडवून आत गेले आणि पिठाच्या डब्यावर बसकण मारली. काय दाखवणार, कपाळ? मोबाइलवर बहिणीला मुगाच्या लाडवांचा फोटो धाडायला जाते, तो साऱ्या भावकीला जातो, आणि ही बाई कॉम्प्युटरवाल्याशी पैज लावून आली!

मग परातींकडं नजर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंगत मांडली. सरकार, दिवाणजी, माळी, पहारेकरी, सगळे मिळून तीस जण, आणि शेवटच्या पाटावर धोंगडे. प्रत्येकापुढं ताटाऐवजी ही एवढी परात, दोन माणसं आडवी झोपतील अशी! मुदपाकखान्यातून भरल्या वांग्याचा नि कटाच्या आमटीचा वास सुटला होता. धोंगड्यांनी टाय सैल केला.

"वा मावशी! केवढं हे ताट!"

"अमर्याद आहे," मी म्हटलं. पदर खोचला, हातात चहाचा चमचा घेतला आणि वाढायला लागले. सरकारांना चमचाभर भात. दिवाणजींना चमचाभर भात. माळ्याला चमचाभर भात.

आमच्या पंगतीचा रिवाज असा, की शेवटच्या पाटापर्यंत सगळं वाढून झाल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही. खुद्द सरकारांनीसुद्धा! भाताच्या तीन फेऱ्या झाल्या. सरकारांचं पोट गुरगुरलं, ते मला मुदपाकखान्यापर्यंत ऐकू आलं. आमटीची फेरी निम्म्यावर आली तोवर भात वाळून टणक झाला होता.

"द्रुपदा!" सरकार गरजले. "हा काय पोरखेळ?"

"ताट लहान पडलं का सरकार? आणखी मोठी परात आणू?"

"ताटाला काय चाटायचंय!"

तेवढ्यात शेवटच्या पाटावरून धोंगडे कळवळून ओरडले, "अहो मावशी, परात गावाएवढी असली तरी काय उपयोग? माणसं तीस आणि चमचा एक! सगळं खोळंबणारच ना!"

मी चमचा खाली ठेवला. "हेच काल विचारत होते, साहेब. तुमच्या अमर्याद जागेला चमचा केवढा?"

धोंगडे परातीतली शितं मोजायला लागले.

"बोला!" सरकार म्हणाले.

"एका वेळी... वीस पाहुणे, सर. अकराव्या पानावर बारीक अक्षरात आहे."

"आणि एकविसावा?"

"तो दारात थांबतो, सर. वेबसाइट उघडतच नाही."

"दिवाळीच्या खोल्यांना हजार जण एकदम आले तर?"

धोंगड्यांनी टाय पुन्हा घट्ट केला.

सरकार आधी लाल झाले, मग फुगले, आणि मग असे हसले की परातीतला भात उडाला! "कुंपण दिसलं! स्वच्छ दिसलं! धोंगडे, आम्हाला जागा थोडकी चालेल. चमचा मोठा द्या, आणि दिवाळीपुरता आणखी मोठा करता येईल असा द्या!"

"तसा प्लॅन आहे, सर. कुणी मागत नाही म्हणून..."

"आता मागितला! दिवाणजी, खजिन्यातली चांदीची मोठी पळी आणा. ती आजपासून द्रुपदाची!"

पळीनं वाढल्यावर पंगत कशी भराभर जेवली! धोंगडे तर तीनदा आमटी प्यायले. हात धुताना सरकारांनी मला गाठलं. "अगं, पण अकराव्या पानावरची लबाडी तू न वाचता ओळखलीस कशी?"

आता खोटं काय बोलायचं! "सरकार, इथं येण्याआधी नऊ वर्षं एसटी स्टँडामागं माझी खानावळ होती. बाहेर पाटी, 'पोटभर जेवण'. आत बाराच्या बारा पाट भरलेले, वाढायला मी एकटी, आणि पळी ही एवढुशी. दुसऱ्यांदा आमटी मिळेपर्यंत गिऱ्हाइकाची गाडी सुटायची!"

धोंगडे ताडकन वळले. "म्हणजे हा धंदा आमच्या आधीचाच? सर, मग मलाच का धरता? ह्या गावाला अमर्यादाची पाटी दाखवून पहिल्यांदा फसवलं कुणी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पळी छातीशी धरली आणि रेशनकार्डावर आहे तसं खणखणीत सांगितलं, "द्रुपदा बाळू घोगरे!"