द्वारकाबाईच्या सोवळ्याची कहाणी

ऐका निर्मळाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर. तिथं द्वारकाबाई नांवाची ब्राह्मणीण राहात असे. तिचं सोवळं फार कडक. चुलीचं लाकूडसुद्धां धुऊन घेई. गांव म्हणे, असं निर्मळ घर दुसरं नाहीं.

तिचा लेक राजाच्या चाकरीवर दूर गेलेला. घरीं सून सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. बाराव्या दिवशीं गौरी जेवायच्या होत्या. घरचं सोयर फिटलं होतं, पण बाळंतिणीचा विटाळ उरला होता. त्या दिवशीं सगुणेला ताप भरला. खोलींतून तिनं हांक मारली, "सासूबाई, घोटभर पाणी द्या." सासू म्हणाली, "पुरण वाटत्यें. शिवूं कशी?" मग घटकेनं पुन्हां हांक आली, "सासूबाई, जीव सुकला." "पूजेला बसल्यें. गौरी कोपतील." मग तिसऱ्यांदां हांक आली, अगदीं बारीक. "नैवेद्य व्हायचाय. जरा दम धर."

मग नैवेद्य झाला, आरती झाली, सोवळं सुटलं. सासू पाणी घेऊन गेली. सगुणा थंड पडली होती. पोर तिच्या अंगावर पीत होती.

मग द्वारकाबाईनं घर धुतलं, अंग धुतलं, तीर्थाला जाऊन आली. कांहीं केल्या चैन पडेना. लेकाला एवढंच म्हणाली, "तापानं गेली."

एके दिवशीं नदीवर रडत बसली. तिथं एक म्हातारी परटीण धुणं धूत होती. ती साक्षात् निर्मळाई. तिनं विचारलं, "बाई, कां रडतेस?" हिनं सगळं सांगितलं. परटीण म्हणाली, "वस्त्राचा मळ मी काढीन. हा निघायचा नाहीं. पण एक वसा घे. उतूं नको, मातूं नको." "तो कसा करावा?" "आजारी, बाळंतीण हांक मारील, तर हातचा देव ठेवून उठावं. तिला शिवावं, तिचं धुणं आपण धुवावं. आणि कुणी पुसलं, तर खोटं बोलूं नये."

मग द्वारकाबाईनं वसा घेतला. बायकांनीं नाकं मुरडलीं, पंगतीला घेईनाशा झाल्या. तिनं वसा टाकला नाहीं. लेकाला खरं सांगितलं. तो पुन्हां तिच्याशीं बोलला नाहीं. नात तिनंच वाढवली. नात लग्नाची झाली. हळदीच्या दिवशीं तिनं पुसलं, "आजी, माझी आई कशानं गेली?" द्वारकाबाईनं हातांतली हळद खालीं ठेवली. मग म्हणाली, "पाणी मागत गेली, बाळे. तीनदां हांक मारलीन्. मी सोवळ्यांत होत्यें."

नात उठली, परसांत गेली. दिवस मावळेपर्यंत आली नाहीं. मग आली, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. क्षमा केली म्हणाली नाहीं. आजीनंही मागितली नाहीं. दोघी तशाच बसून राहिल्या.

निर्मळाई, द्वारकाबाईला खरं बोलायचं बळ दिलंत, तसं आम्हां ऐकणारांना द्या. तिला उठायला उशीर झाला, तसा आम्हांला होऊं देऊं नका. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सरली, ऐकणारांना सुफळ होवो.