शेवटची दोन प्रकरणं

शेवटची दोन प्रकरणं गायब!

रायटोकच्या डोंगरबंगल्यात महाराज आरामखुर्चीतून ताडकन उठले. हातात रहस्यकादंबरी होती, तीही अशाच एका डोंगरबंगल्यातली. तिथे जहागीरदारांना कुणीतरी विष घातलेलं. खुनी कोण ते आता कळणार, एवढ्यात पुढची पानं फाडलेली! बाहेर धुक्याने घाट बंद. दुसरी प्रत आणणार कुठून?

"हे कोंडिबाचं काम," दिवाण नरहरपंत म्हणाले. "अडाणी रखवालदार! पानं बंबात घातली असतील. द्या हाकलून!"

"मुळात कादंबऱ्या वाचाव्यातच कशाला?" आत्यासाहेबांनी जपमाळ ओढत नाक मुरडलं.

कोंडिबाने हात जोडले. वीस वर्षं तो बंगल्यामागच्या खोलीत राहत होता. पण त्याची मुलगी हौसा पुढे आली. घाटाखालच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, आणि गप्प बसणं तेवढं शिकायचं राहिलेलं.

"महाराज, बंब कारवीच्या काटक्यांनी पेटतो. या धुक्यात कागद पेटेल होय? भाजलेला पापडसुद्धा इथं दोन मिनिटांत फडक्यासारखा लोंबतो!"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!" दिवाण गरजले.

"मोठे खरं बोलायला लागले की गप्प बसेन!"

महाराजांच्या भुवया वर गेल्या. "मग तूच शोध चोर! संध्याकाळच्या चहापर्यंत. पण ही मानाची माणसं. त्यांना एकही प्रश्न विचारायचा नाही, त्यांच्या सामानाला हात लावायचा नाही. नाही जमलं, तर बापलेकींनी बाडबिस्तरा उचलायचा!"

"पोरी, म्हाराजांचे पाय धर," कोंडिबा कळवळला.

"हात मोकळे नाहीत, बाबा. चहा टाकायचाय."

संध्याकाळी चहा आला.

"आलं जास्त झालंय," आत्यासाहेब म्हणाल्या.

"बशी आधी ठेवतात, मग कप!" दिवाण म्हणाले.

हौसा गालात हसली.

"सापडला चोर?" महाराजांनी विचारलं.

"चोराचं मागून बघू. आधी तुमच्या गोष्टीचा शेवट ऐका. जहागीरदारांना विष घातलं माळ्याने!"

"माळ्याने?"

"हो. सुरणाच्या भाजीतून! अडाणी माणूस, दुसरं कोण असणार?"

आत्यासाहेबांची जपमाळ थांबली. दिवाणांनी कप खाली ठेवला.

"मग माळी पळाला," हौसा रंगात येऊन सांगू लागली, "आणि कड्यावरून—"

"काहीतरीच!" आत्यासाहेब उसळल्या. "भाजीत नव्हतंच विष, पानाच्या डब्यात होतं! आणि माळी नव्हे, डॉक्टर! बेड्या पडल्या त्याला!"

"साफ चूक!" दिवाणांनी टेबलावर मूठ आपटली. "डॉक्टर सुटतो! खुनी त्याची मेहुणी! अर्धवट वाचून बोलू नये, आत्यासाहेब!"

महाराजांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. तो आवाजही सगळ्यांना ऐकू आला.

मग आत्यासाहेबांच्या जपमाळेच्या गोमुखीतून निघालं एकोणिसावं प्रकरण, आणि दिवाणांच्या पगडीतून विसावं! महाराज दुपारी झोपले की दोघंही चोरून वाचत होते, एकमेकांच्या नकळत. पावलं वाजली म्हणून आत्यासाहेब हाताला लागलं तेवढं फाडून पळाल्या, आणि उरलेलं दिवाणांनी पळवलं.

"तुला कसं कळलं यांचं?" महाराजांनी विचारलं.

"कळलं कुठे? तीन दिवस यांना चहा देतेय. माझं आलं चूक, बशी चूक, चालणंसुद्धा चूक! म्हटलं, चोर कुणीही असो, माझ्या तोंडून चुकीचा शेवट ऐकून गप्प काही बसायचा नाही!"

"पण कादंबरीतला माळी तुला कसा ठाऊक?"

हौसाने पहिल्यांदाच मान खाली घातली. "रोज पुस्तकावरची धूळ झटकते, महाराज. झटकता झटकता एकशेदहाव्या पानावर आले होते. आणि या दोघांनी खुनी फोडला!"

महाराज इतके हसले, की आरामखुर्ची कुरकुरली. कोंडिबाला खोली कायमची मिळाली. महाराजांनी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली काढून हौसाच्या हातावर ठेवली. "आजपासून कपाट तुझ्या ताब्यात. आणखी काही हवं?"

हौसाने किल्ली कमरेला खोचली आणि दिवाणांकडे, मग आत्यासाहेबांकडे बघितलं.

"एवढंच, महाराज. या दोघांना पुस्तक हवं असेल, तर माझ्याकडे मागायला सांगा. आणि वाचायला इथं, माझ्यासमोर बसायचं!"