पेरलेला कोळसा

प्राणी शेकोट्या पेटवत आणि दगड बोलत, त्या काळची ही गोष्ट.

डोंगरातला काळा दगड जळतो हे कळल्यापासून रानाला थंडीची भीती उरली नव्हती. कोल्हाप्रमुखाच्या हुकमाने साळिंदरांनी सगळा डोंगर पोखरला. ऐन पौषात खाणीतून कोळशाचा एकच, शेवटचा तुकडा निघाला.

"आता माझी पिल्लं गारठतील हो!" सशीण ओरडली.

"रडता काय, सशीणबाई?" कोल्हा हसला. "भुईमुगाचं बी पेरतो, तसा हा पेरू. पुढच्या हिवाळ्यात नवा डोंगर तयार!"

टाळ्या पडल्या. तुकडा पुरून सगळ्यांनी वर पाणीही घातलं. तेव्हा मातीतून तो म्हणाला, "अरे शहाण्यांनो, मी बी नाही. मी एक झाड होतो. इथली नदीसुद्धा जन्मली नव्हती, तेव्हा चिखलात गाडला गेलो. माझा कोळसा व्हायला एवढा काळ लागला. तुम्ही थांबाल तेवढं?"

सगळे जागच्या जागी थिजले. सशिणीने पिल्लं पोटाशी धरली. कोल्ह्याचाही चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"हा दगड फितूर आहे!" तो गरजला. "लोकांना घाबरवतो! उकरा त्याला आणि जाळा!"

तुकडा पेटला. सगळे शेकायला धावले. पिल्लं कुडकुडत होती, म्हणून सशीणही पुढे सरकली.