रावसाहेबांची तोफ छाप काठी

कोंडवली संस्थानच्या रावसाहेबांना मासे धरायचा भारी नाद. विलायतेहून मागवलेल्या 'तोफ छाप' गळाच्या काठीवर तर त्यांचा इतका जीव, की नदीवर दुसरी कुठली काठी दिसली तर मोडून टाका, असा त्यांनी हुकूमच काढला.

झिपरू भोई पंचाईतीत पडला. त्याच्याकडे तीन काठ्या होत्या, बांबूच्या आणि वेताच्या, आणि पाणी बघून तो काठी बदलायचा. नदी बंद म्हणजे घरची चूल बंद, म्हणून तो तरीही गेला आणि शिपायांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला टोपलीसकट घाटावर आणलं. तिथे रावसाहेब पहाटेपासून गळ टाकून बसले होते आणि शेजारी त्यांचे व्याही जांभया देत होते.

"तीन-तीन काठ्या?" रावसाहेब गरजले. "मी तेरा वर्षं एकाच छापाशी इमान राखलंय. इमान म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

झिपरूची जीभ मात्र शाबूत होती.

"आहे की, सरकार. आपण काठीशी इमान राखलंत, काठी आपल्याजवळ राहिली. मी माशांशी राखलं, मासे माझ्याजवळ राहिले."

व्याह्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. रावसाहेबांनी आधी झिपरूच्या भरल्या टोपलीकडे पाहिलं, मग डोक्यावर आलेल्या सूर्याकडे. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "व्याह्यांपुरते चार मासे देशील?"

"देतो की. पण हे बांबूच्या काठीचे आहेत, सरकार. हुकमात बसतात का, तेवढं बघा."

भात शिजायच्या आत हुकूम रद्द झाला.