म्हाळसाआत्याच्या हनुवटीचे केस

एकदा काय झालं, बरं का, एका मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव होतं. चिंगे, आधी पाय पांघरुणात घे. हं. तर त्या गावात झोप आपली आपण येत नसे. ती तळ्यापलीकडून चालत यायची. पाण्यावरून, अनवाणी. दिवेलागण झाली की गावात शिरायची, दारोदार थांबायची आणि एकेकाला नावानं हाक मारायची. ज्याला हाक मारी त्याचे डोळे मिटत. सगळे तिला झोपबाई म्हणायचे.

मग ज्याला नावच नाही त्याचं काय? नुकतं जन्मलेलं बाळ, त्याला कुठलं आलंय नाव? तर बारा दिवस बाळाला आईच्या झोपेतली अर्धी मिळायची. बाराव्या दिवशी मात्र बारसं करायचं. आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे. की झालं नाव बाळाचं! पण बाराव्या संध्याकाळी ज्याला हाक मारता आली नाही, त्याच्या दाराशी झोपबाई वर्षभर फिरकत नसे. मग बाळ जागं, आई जागी आणि वर्षभर घराला डोळ्याला डोळा नाही. असा तिथला नियम होता.

त्या गावात म्हाळसाबाई राहायची. केस पिकलेले, पण पाठ ताठ. तिला मूलबाळ नव्हतं. एक धाकटा भाऊ होता, धोंडू. आई गेली तेव्हा तो रांगत होता, म्हणून तिनंच त्याला वाढवलं. धोंडूचं लग्न झालं, वेणू घरात आली. मग वर्षामागून वर्षं गेली, पाळणा काही हलेना. म्हाळसाबाई वाट बघून थकली. आणि धोंडूच्याही कानाशी केस पिकायला लागले, तेव्हा कुठे वेणूला मुलगी झाली. म्हाळसाबाई आत्या झाली! आनंदानं तिला दोन दिवस भाकरीची आठवणच झाली नाही, अन् पाणी मात्र साखरेसारखं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं हनुवटीवर.

गेल्या वर्षापासून तिच्या हनुवटीवर एक केस उगवला होता. पांढरा, ताठ, टोकदार. वय झालं की बायकांना असे केस येतात. माझ्याकडे काय बघताय? गोष्ट ऐका. तर एकदा हळदीकुंकवाला शेजारची काशीकाकू सगळ्यांदेखत म्हणाली, "अगंबाई म्हाळसा, धोंडूपेक्षा तुझीच दाढी बरी की!" बायका खो खो हसल्या. म्हाळसाबाईपण हसली. पण तिच्या फार जिव्हारी लागलं ते. त्या दिवसापासून ती पदर हनुवटीवरून ओढून घ्यायची आणि कुणाच्या लेकराच्या गालाला गाल लावायची नाही. आता तर भाचीच्या कानाशी तोंड न्यायचं होतं. एवढी वाट बघून आलेलं बाळ आणि आत्याचा पहिला स्पर्श काट्याचा? रडेल ना ते! तिला ते सोसणार नव्हतं.

म्हणून नवव्या दिवशी तिनं चणाडाळीचं पीठ घेतलं, हळद घेतली, साय घेतली. उटणं केलं आणि हनुवटी घासली, घासली, लाल होईस्तोवर घासली. मग तळ्यात वाकून पाहिलं. केस होता तिथंच होता. फक्त सोन्याचा झाला होता. आधी तो जवळून दिसायचा, आता पलीकडच्या काठावरून चमकायला लागला!

दहाव्या दिवशी ती सोनाराकडे गेली आणि बारीक चिमटा मागून आणला. तळ्याकाठी वाकली, डोळे मिटले, दात आवळले आणि केस उपटला! केस पाण्यात पडला. पडला तो वळवळला आणि सोनेरी मासोळी होऊन खोल खोल निघून गेला. म्हाळसाबाई हसत घरी आली. पण सकाळी उठून बघते तर काय, गेलेला एक आणि आलेले तीन.

अकराव्या दिवशी तिनं दोरा घेतला. दोऱ्याची गाठ एका केसाला मारली आणि ओढला. तर तो निघेचना, नुसता लांब होत गेला. हात लांब झाला. अंगणभर लांब झाला. ती ओढतेय आणि तो येतोय, येतोय, चांदीच्या सुतासारखा. तिनं त्याचा गुंडा केला. नारळाएवढा गुंडा झाला तरी दुसरं टोक आपलं हनुवटीतच! शेवटी विळीवर कापला. तेवढ्यात एक सुगरण पक्षी आला, गुंडा चोचीत घेऊन उडाला आणि तळ्यावरच्या बाभळीला त्यानं चांदीचं घरटं टांगलं. सगळं गाव घरटं बघायला धावलं. म्हाळसाबाई मात्र हनुवटी चाचपत बसली. तीनही केस जागच्या जागी होते. आता तिला रडूच आलं.

बारावा दिवस उजाडला. पाळण्याला फुलं बांधली, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. म्हाळसाबाईनं काय केलं, पदर चांगला दुहेरी केला आणि नाकाखालून करकचून बांधला.

वेणू म्हणाली, "वन्सं, पदर काढा ना. बाळाला तोंड दिसू दे तुमचं."

"सर्दी झालीय गं मला," म्हाळसाबाई म्हणाली.

ती पाळण्यावर वाकली आणि पदराआडूनच नाव सांगितलं. कुर्रर्र! धपाधप धपाटे पडले, हसणं झालं, घुगऱ्या वाटल्या. कुणाला काही कळलं नाही.

मग दिवेलागण झाली. म्हाळसाबाई शेजारच्या आपल्या घरी आली. पदर सोडला. तर पदराच्या घडीतून काहीतरी टपकन खाली पडलं. तिनं उचललं. लाहीसारखं हलकं होतं, ऊन ऊन होतं, आणि मंद उजळत होतं. तिनं ओळखलं. ते नाव होतं. बाळाच्या कानात गेलंच नव्हतं, कापडातच अडकून बसलं होतं.

तेवढ्यात गल्लीतून हाका ऐकू आल्या. झोपबाई आली होती. पाण्याचा वास आला, गारवा आला. एकेक घर शांत होत गेलं. आणि धोंडूच्या दाराशी हाक थांबली. आत बाळ रडत होतं.

म्हाळसाबाई धावत धोंडूच्या दाराशी आली. झोपबाई पायरीवर बसली होती. धुक्याचं लुगडं, ओले पाय.

"या घरात एक नवीन आहे," झोपबाई म्हणाली. "मी तिला काय म्हणून हाक मारू?"

"अजून... अजून सांगायचं राहिलंय बाई."

"तुळशीपुढचा दिवा आहे तोवर थांबते. मग मला जायला हवं."

म्हाळसाबाईनं दिव्याकडे पाहिलं. तेल बुडाशी गेलं होतं. घरात अजून सगळ्या बायका होत्या. काशीकाकू तर पाळण्याची दोरीच धरून बसली होती. म्हाळसाबाईचा हात आपसूक पदराकडे गेला. मग बाळ असं काही कळवळून रडलं, की तिनं पदर खांद्यावर टाकून दिला. नाव मुठीत धरलं आणि ती उघड्या तोंडानं आत गेली.

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. कंदिलाच्या उजेडात तीन केस लखलखत होते.

"बघा, काय बघायचं ते," म्हाळसाबाई म्हणाली. "काशी, तुला हसायचं असेल तर हस बाई. मला वेळ नाही."

तिनं नाव ओठांवर ठेवलं. पाळण्यात वाकली. तोंड थेट बाळाच्या कानाशी नेलं. केस बाळाच्या गालाला लागले, मानेला लागले. म्हाळसाबाईनं भीतीनं डोळे मिटून घेतले.

आणि बाळ रडायचं थांबलं. मग खुदकन हसलं. गुदगुल्या झाल्या तिला! हसता हसता तिनं मान आत्याकडेच वळवली.

"कुर्रर्र," म्हाळसाबाई म्हणाली, "शेवंती."

बायका धपाटे घालायचं विसरूनच गेल्या होत्या. पहिला धपाटा काशीकाकूनं घातला. हळूच घातला, आणि हात पाठीवरून काढलाच नाही.

बाहेरून हाक आली, "शेवंती..." अगदी हलकी, पाण्यावरून आल्यासारखी. बाळानं जांभई दिली. चिमुकल्या मुठी सैल पडल्या. मागोमाग वेणूला हाक आली, बारा दिवस अर्ध्याच झोपेवर काढलेली ती, बसल्या जागीच झोपली. मग धोंडू. मग एकेक बाई भिंतीला टेकून. तुळशीपुढचा दिवा गेला तेव्हा घरात नुसता श्वासांचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली. वेणू चांगली झोपून ताजी झाली होती. ती म्हणाली, "वन्सं, इकडे या उन्हात. मान वर करा. एकटीनं कशाला ओढत बसलात? मला सांगायचं ना." तिनं चिमटा घेतला, म्हाळसाबाईची हनुवटी दोन बोटांत धरली आणि अलगद पहिला केस काढला. तो काही मासोळी झाला नाही. दुसरा काढला. तोही गपगुमान निघाला.

कुंपणाआडून काशीकाकू आली. इकडे तिकडे बघून जवळ सरकली आणि पुटपुटली, "वेणू, तिचं झालं की माझेपण चार काढ गं. मेले मला दिसत नाहीत, नुसते हाताला लागतात." म्हाळसाबाई इतकी हसली, इतकी हसली, की वेणूला हात थांबवावा लागला.

"हलू नका हो वन्सं, एकच राहिलाय."

म्हाळसाबाईनं चिमटा बाजूला सारला. पाळण्यात शेवंती जागी होऊन हात हलवत होती.

"तो राहू दे," ती म्हणाली. "तो माझा नाही आता. तिचा आहे."

आणि ती गाल लावायला पाळण्याकडे गेली. मग ती सगळी तळ्याकाठी सुखात राहिली, आणि रोज वेळेवर झोपली. तुमची तर नावं केव्हाच ठेवून झालीत रे! मग जागे कशाला? मिटा डोळे. हाक येईलच.