तीन डोंगरांवरची झाडं

सह्याद्रीत माणसांच्या वाटा नव्हत्या तेव्हाची ही हकिकत. केदू आणि शेवंता हे धनेश पक्ष्यांचं जोडपं एका जुन्या झाडाच्या ढोलीत राहायचं. समोरच फळांनी लगडलेला वड होता. तरी केदू अधूनमधून दूरच्या तीन डोंगरांवर जाई, तिथली फळं खाई आणि मोकळ्या जागी बिया टाकून येई.

“अहो, दारात वड असताना एवढी वणवण कशाला?” शेवंता विचारायची.

“तिकडेही आपलं काहीतरी असू द्यावं. वेळ लागेल, पण असू द्यावं,” तो म्हणायचा.

अशी बारा वर्षं गेली. त्या वर्षी शेवंता अंडं घालायला ढोलीत बसली. धनेशांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचं तोंड मातीने लिंपून घेतलं आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवली. आत तिची पिसं झडली, त्यामुळे नवी येईपर्यंत तिला उडता येणार नव्हतं. अंड्यातून पिल्लू निघालं आणि चौथ्याच दिवशी वादळात वड उन्मळून पडला.

“आता कसं व्हायचं हो?” तिने फटीतून विचारलं.

केदू उडाला. पहिल्या डोंगरावर गारांनी सगळी फळं झोडपली होती. तो तसाच पुढे निघाला. दुसऱ्यावर मात्र त्याच्याच बियांतून वाढलेले उंबर पिकले होते. तिसऱ्यावर जांभळं होती, ओढ्याकाठी सरडेही मिळाले.

दीड महिना तो खेपा घालत, फटीतून दोघांना भरवत राहिला. मग एका सकाळी शेवंताने माती फोडली. ती बाहेर आली आणि तिच्यामागून पिल्लू.

“किती वाळलात!” ती म्हणाली. “उद्यापासून आम्हीही येतो तुमच्याबरोबर.”

केदू हसला आणि त्या दिवशी भरदुपारी गाढ झोपला.