कड्याच्या अलीकडे

"रनवे समोर दिसत होता, मॅडम. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मग वळायला का सांगितलंत?"

शार्दूल निंबाळकरनं हे विचारलं तेव्हा चंडीगडला इंजिनं नुकतीच थांबली होती. सकाळी लडाखला निघालेलं विमान भरल्या प्रवाशांनिशी परत आलं होतं.

शेजारच्या खुर्चीत कॅप्टन शालन भडकमकर पट्टा सोडत होत्या. अर्धं आयुष्य त्या डोंगरांत उतरण्यात गेलेली बाई. त्यांनी होकार दिल्याशिवाय कंपनीतला कुणीही कॅप्टन म्हणून तिथं विमान नेत नसे.

शार्दूलला आता तोच होकार हवा होता.

शार्दूलचा हात सुरेख होता, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आजवर कुठल्याही विमानतळावरून तो न उतरता परतला नव्हता.

पण हा विमानतळ निराळा. साडेदहा हजार फुटांवरचा. तिथं हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी पडतो, आणि वळायला विमानाला ऐसपैस जागा लागते. उतरताना खोऱ्यात एक कडा येतो. तो ओलांडला की उतरायचंच. मागं फिरायला दरी पुरत नाही.

त्या कड्याच्या अलीकडेच मॅडम म्हणाल्या होत्या, "वळ."

शार्दूलनं फोन पाहिला.

"आपल्यामागचं विमान उतरलं, मॅडम. सुखरूप."

"उतरणारच. चांगला पायलट आहे तो."

"म्हणजे आपण चुकलो?"

"नाही."

"तो उतरला तेही बरोबर, आपण वळलो तेही बरोबर?"

मॅडमनी टोपी उचलली. "चल. लोक खोळंबलेत."

आता आज पुन्हा उड्डाण नव्हतं. ऊन चढलं की त्या खोऱ्यात वारा उठतो, म्हणून तिथली विमानं सकाळीच. टर्मिनलमध्ये प्रवासी चिडले होते. कोपऱ्यात नोर्बू नावाचा एक लडाखी माणूस मात्र गप्प उभा होता. त्याची आई अत्यवस्थ होती.

शार्दूलला वाटलं, मॅडम नजर चुकवून निघून जातील. आपण तेच केलं असतं.

त्या सरळ नोर्बूपुढं जाऊन उभ्या राहिल्या. टोपी काढून हातात घेतली.

"वळायला मी सांगितलं, भाऊ. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

नोर्बू हळूच म्हणाला, "उद्या न्याल?"

"डोंगरानं येऊ दिलं तर."

शार्दूलची मान खाली गेली. मॅडमनी त्याच्या वाटचा रागही मागून घेतला होता. तो त्यांच्यामागून मुकाट चालू लागला.

जिन्याशी मॅडम थांबल्या.

"कड्याजवळ मी तुला काही विचारलं होतं."

"हो. परतायचं झालं तर कुठून परतशील, म्हणून."

"तू काय म्हणालास?"

तो आठवू लागला... आणि आठवलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"म्हणालो... रनवे दिसतोय."

"हं," मॅडम म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेच विमान, तेच प्रवासी. कडा जवळ येऊ लागला तशी शार्दूलची नजर खोऱ्यावरून फिरू लागली. उजव्या शिखरावरून बर्फाचा भुगा उडत होता, पण सरळ, सावकाश. टॉवरनं सांगितलेला वारा त्याच्याशी जुळत होता. डावीकडची दरी मोकळी होती.

"इंजिन गेलं तर डावीकडून परतायचं, मॅडम," तो न विचारता म्हणाला. "वारा फिरला तरी तिथूनच. कड्यापर्यंत."



समोर रनवे दिसत होता. शार्दूलनं आणखी एकदा शिखराकडे पाहिलं. भुगा तसाच सावकाश उडत होता. मगच त्यानं कडा ओलांडला.

चाकं टेकली. मागं टाळ्या झाल्या. दार उघडताच नोर्बू फोन कानाला लावून शिडी उतरला, आणि खालूनच वळून ओरडला, "आई आहे! वाट बघतेय!" मग तो पळतच सुटला. विरळ हवेत धाप लागली तरी थांबला नाही.

शार्दूलचे डोळे भरून आले. त्यानं शेजारी पाहिलं. मॅडम खिडकीतून डोंगराकडे बघत होत्या, घरातल्या वडीलधाऱ्याकडे बघावं तशा.

"मॅडम..." त्यानं विचारलं, "आता मला इथं उतरता येतं, असं म्हणू ना?"

"उतरायला," मॅडम म्हणाल्या, "तुला कालही येत होतं."